विश्वाचं वय काढताय? या चुका टाळा

हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर, ७० धरून विश्वाचं वय काढलं आणि उत्तर १४ हजार वर्षं आलं, तर तुम्ही मेगापार्सेकमधला 'मेगा', म्हणजे दहा लाख, विसरलात. ४२८ कोटी आलं, तर पार्सेक (सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) या अंतराच्या एककाच्या जागी प्रकाशवर्ष घातलंत आणि ४५४ कोटी वर्षांची पृथ्वी विश्वाहून थोरली करून ठेवलीत. विज्ञान दिनाला पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था पाहून आलेली मुलं उत्साहाने कॅल्क्युलेटर काढतात ती इथेच अडकतात.

मुळात सेकंदाला ७० किलोमीटर हा विश्वाचा वेग नव्हेच. दर मेगापार्सेक अंतरामागे सेकंदाला ७० किलोमीटर, असा तो दर आहे. एक मेगापार्सेक म्हणजे ३.०८६ गुणिले १० चा १९ वा घात इतके किलोमीटर. त्याला ७० ने भागलं की सेकंद मिळतात. त्यांची वर्षं केली की सुमारे १,३९७ कोटी. एवढा खटाटोप नको असेल तर ९७,८०० ला स्थिरांकाने भागा, उत्तर थेट कोटी वर्षांत.

आता खरी चूक. हा झाला 'हबल काळ', वय नव्हे. मुंबईहून निघालेली गाडी बोरघाटात रांगते आणि लोणावळ्यानंतर पुन्हा सुसाट सुटते. पुण्याजवळ किवळ्याला तिचा वेग बघून कुणी सगळ्या प्रवासाचा वेळ सांगितला, तर उत्तर जुळलंच तर योगायोगाने. विश्वाचंही तसंच. आधी द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने प्रसरण मंदावत गेलं. गेली पाचसहाशे कोटी वर्षं कृष्ण ऊर्जेमुळे, म्हणजे अवकाश ताणणाऱ्या अज्ञात ऊर्जेमुळे, ते वेग घेतंय. दोन्हींची वजाबाकी होऊन वय हबल काळाच्या जवळ येतं, इतकंच. आरंभीच्या विश्वाचा उरलेला प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या ६७.४ या आकड्याने हबल काळ १,४५१ कोटी येतो, वय मात्र १,३८० कोटी.

कृष्ण ऊर्जा न धरता सपाट (म्हणजे वक्रता नसलेल्या) विश्वात नुसतं द्रव्य घेतलं, तर वय हबल काळाच्या दोनतृतीयांश. ७० साठी जेमतेम ९३१ कोटी, आणि आपल्याच आकाशगंगेतले जुने तारकागुच्छ १,२०० कोटींच्या पुढचे! १९९८ मध्ये अतिनवताऱ्यांनी, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांनी, प्रसरणाचा वाढता वेग दाखवला, तेव्हा हा पेच सुटला.

असा पेच पहिला नव्हता. ज्याच्या नावाने हा स्थिरांक आहे त्या खगोलशास्त्रज्ञ हबलचा १९२९ चा आकडा ५०० च्या घरातला. त्यातून वय निघे २०० कोटींहून कमी, खडकांपेक्षाही लहान. १९४८ मध्ये हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी 'विश्वाला आरंभच नाही' असा स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला, त्यामागे हीही अडचण होती. आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर हे या हॉइलचेच शिष्य. दोष निघाला अंतरांच्या मोजमापात: १९५२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बाडेने ती दुप्पट केली, स्थिरांक निम्मा झाला आणि वय दुप्पट.

'स्थिरांक' या नावालाही भुलू नका. आज तो सगळीकडे सारखा आहे, सदासर्वकाळ नाही. पूर्वी मोठा होता. प्रसरण वेग घेतंय म्हणून तो वाढतोय असंही नाही. वेगापेक्षा अंतर जास्त झपाट्याने वाढतं, म्हणून तो अजून घटतोच आहे, आणि प्लँकच्या आकड्यांनी पुढे ५६ च्या आसपास स्थिरावेल.

दृश्य विश्वाची त्रिज्या १,३८० कोटी प्रकाशवर्षं लिहिणाऱ्यांसाठी: ती सुमारे ४,६०० कोटी आहे, कारण प्रकाश वाटेत असताना मधलं अंतरही ताणलं गेलं.

शेवटी, कोणता स्थिरांक घेतलात ते उत्तराशेजारी लिहा. अतिनवताऱ्यांवरून तो ७३ च्या आसपास येतो. द्रव्य आणि कृष्ण ऊर्जेचं प्रमाण प्लँकचंच ठेवलं तर वय १,२७० कोटींच्या घरात उतरतं. ६७ की ७३ हा तिढा अजून सुटलेला नाही, त्यामुळे तेवढ्या फरकासाठी कॅल्क्युलेटरला दोष देऊ नका.