एस्सिटालोप्राम सुरू करताना, घेताना आणि थांबवताना

नैराश्यासाठी किंवा सततच्या घबराटीसाठी आपल्याकडे डॉक्टर सर्रास लिहून देतात ती गोळी म्हणजे एस्सिटालोप्राम. तिची खोड अशी की त्रास पहिल्या आठवड्यातच जाणवतो आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. याच मधल्या दिवसांत 'मला मानवत नाही' म्हणून पुष्कळ जण गोळ्या सोडून देतात.

आधी स्ट्रिप नीट वाचा. नावाखालची बारीक अक्षरं बघा. नुसती एस्सिटालोप्राम आहे, की सोबत क्लोनाझेपाम आहे? अशा जोडगोळ्या आपल्याकडे खूप चालतात. क्लोनाझेपामने झोप लागते, पण गुंगीही येते आणि तिची सवय लागते. ती किती दिवस घ्यायची, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. दुकानदाराने 'तेच आहे, कंपनी वेगळी' म्हटलं तरी घटक आणि मिलिग्रॅम जुळवून पाहा.

चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा. 'बाकी काही नाही' म्हणताना आपण अंगदुखीच्या गोळ्या विसरतो, तिथेच घोळ होतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांच्या जोडीने रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुखण्यावरची ट्रॅमाडॉल आणि कोरड्या खोकल्याच्या काही सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्या जोडीने शरीरात सेरोटोनिन (ही गोळी ज्यावर काम करते ते रसायन) प्रमाणाबाहेर वाढू शकतं. ताप, थरथर, स्नायू ताठरणं, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं होणं अशी लक्षणं एकत्र दिसली तर थेट हॉस्पिटल गाठा. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल, गरोदरपण असेल किंवा पूर्वी कधी अतिउत्साहाचे, झोपेविना धावपळीचे दिवस येऊन गेले असतील, तर तेही लपवू नका. बायपोलर आजारात, म्हणजे उदासी आणि असा अतिउत्साह आलटून-पालटून येतो त्यात, नुसती ही गोळी उलटू शकते.

रोज एक वेळ ठरवा. झोप उडत असेल तर सकाळी, पेंग येत असेल तर रात्री. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. सुरुवात बहुधा ५ किंवा १० मिलिग्रॅमने होते. एखादी गोळी चुकली तर त्याच दिवशी आठवताच घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. दारू टाळाच, आणि गोळीचा अंदाज येईपर्यंत गाडी जपून चालवा.

कोणता त्रास सोसायचा, कोणता नाही? मळमळ, डोकेदुखी, तोंड कोरडं पडणं, घाम, जुलाब हे बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं. कामेच्छा कमी होणं किंवा वीर्यपतनाला उशीर लागणं मात्र टिकून राहू शकतं. लाजेपोटी कुणी बोलत नाही आणि गुपचूप गोळी बंद करतं. डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. घरातल्या वयस्कर माणसाचं, विशेषतः लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर, रक्तातलं सोडियम (क्षार) घसरू शकतं. आजी अचानक गोंधळून बोलायला लागल्या, तोल जायला लागला, तर 'वय झालं' म्हणून सोडून न देता रक्त तपासून घ्या.

पंचविशीच्या आतल्यांवर पहिले काही आठवडे आणि डोस बदलताना घरच्यांनी लक्ष ठेवावं. अस्वस्थपणा वाढला किंवा मरणाचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

बरं वाटलं म्हणून लगेच थांबू नका. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तरी बरं वाटू लागल्यावर साधारण सहा महिने औषध चालू ठेवतात. थांबवताना डोस टप्प्याटप्प्याने, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत खाली आणतात. एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असा त्रास होऊ शकतो. तो काही दिवसांतच सुरू झाला तर बहुधा गोळी बंद किंवा कमी केल्याचा परिणाम असतो; उदासी काही आठवड्यांनी हळूहळू परतली तर मूळ आजाराची शंका घ्यावी. दोन्हीत डॉक्टरांचं उत्तर वेगळं असतं, म्हणून डोस कमी केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि भेटीला जाताना ती सांगा.