पहिला डेटाबेस बांधायला बसताय? आधी एवढं जवळ असू दे

"दादा, इंडेक्स कुठल्या कॉलमवर टाकू?" (इंडेक्स म्हणजे ओळ पटकन सापडावी म्हणून लावून ठेवलेली यादी) हा मेसेज आठवड्यातनं एकदा तरी येतोच, आणि बहुतेक वेळा पाठवणाऱ्याचं टेबलच अजून ठरलेलं नसतं. मग मी उलटं विचारतो, तुझ्या टेबलातली एक ओळ म्हणजे नक्की काय ते मराठीत एका वाक्यात सांग बघू, आणि गाडी तिथंच अडते. म्हणून ही तयारी लिहून काढतोय, कॉलेजचा प्रोजेक्ट असू दे, उद्यमनगरातल्या कारखान्याचा स्टॉक असू दे नाहीतर पहिल्या नोकरीतलं पहिलं काम. उदाहरण दूध संस्थेचं घेतोय, कारण आपल्याकडं शहरात राहणाऱ्याचं पण गावाकडं कोण ना कोण संस्थेत दूध घालतंच, त्यामुळं समजून सांगायला वेगळं काही लागत नाही.

पहिली वस्तू म्हणजे वही. लॅपटॉप नंतर. सकाळी सहाच्या आत संकलन केंद्रावर जाऊन उभं रहायचं आणि अख्खी पाळी संपेपर्यंत नुसतं बघायचं. कॅन येतो, सभासद नंबर सांगतो, काट्यावर दूध ओततात, नमुना फॅट मशीनला जातो, स्क्रीनवर ६.८ फॅट, ९.१ एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) असं काहीतरी येतं, चिठ्ठी फाडून हातात मिळते. सोपं वाटतंय, पण तिथंच विचारायचं की एकच माणूस म्हशीचं आणि गायीचं दोन्ही घालतो का, मशीन चुकलं तर परत टेस्ट करता का आणि मग जुना आकडा खोडता की ठेवता, सभासद वारला तर नंबर पोराच्या नावावर होतो की नवा मिळतो. ह्यातल्या प्रत्येक उत्तरानं टेबल बदलतं. घरात एसीत बसून हे सुचत नाही, मला तरी कधी सुचलेलं नाही.

परत आल्यावर वहीत एक वाक्य लिहायचं: "संकलन टेबलातली एक ओळ म्हणजे एका सभासदानं, एका तारखेला, एका पाळीला घातलेलं एका प्रकारच्या जनावराचं दूध." हे वाक्य जमलं की अर्धं डिझाइन झालं समजा, कारण ह्यातनंच युनिक कन्स्ट्रेंट निघतो: सभासद, तारीख, पाळी, जनावर, हे चारही मिळून दोनदा येता कामा नये. मी सुरुवातीला करवीर तालुक्यातल्या एका संस्थेचं काम केलं तेव्हा जनावर विसरलो होतो, सभासद-तारीख-पाळी एवढ्यावरच युनिक टाकलं. एक मावशी म्हशीचं आणि गायीचं दोन्ही घालायच्या, दुसरी नोंद सॉफ्टवेअर घेईना, मग केंद्रावरच्या पोरानं गायीचं दूध शेजारणीच्या नंबरवर टाकायला सुरुवात केली कारण रांग थांबवता येत नव्हती. दहा दिवसांनी बिल निघालं आणि मावशी सगळ्या चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तारखेप्रमाणं लावून घेऊन आल्या. त्यांच्या पिशवीतला हिशोब बरोबर होता आणि माझ्या टेबलातला चूक. एका कॉलमची किंमत त्या दिवशी कळली.

दुसरी तयारी, कुठली गोष्ट कुठल्या टेबलात. सभासद वेगळा, संकलन वेगळं, दरपत्रक वेगळं, कपात वेगळी (पशुखाद्य, ॲडव्हान्स वगैरे). नवीन पोरं संकलनाच्या प्रत्येक ओळीत नाव, मोबाईल, बँकेचा खाते नंबर सगळं कोंबतात आणि मग एकाचा मोबाईल बदलला की हजार ओळी बदलायच्या, त्यातल्या चार रहायच्या, आणि खरा नंबर कुठला हे कुणालाच सांगता यायचं नाही. नॉर्मलायझेशन म्हणजे पुस्तकातले तीन-चार फॉर्म पाठ करणं नव्हे, एक माहिती एकाच जागी ठेवणं, बास. नावाला प्रायमरी की (ओळीची कायमची ओळख) करू नका, आपल्याकडं एकाच गावात एकाच नावाचे तीन पाटील निघतात आणि दोघांच्या वडलांचं नाव पण सारखं असतं. मोबाईलला पण नको, तो बदलतो. टेबलाला स्वतःचा आयडी द्या आणि सभासद नंबर वेगळा युनिक ठेवा.

आता दराचं. इथं जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतोय. दर फॅट-एसएनएफप्रमाणं ठरतो आणि दरपत्रक मधनंच बदलतं. कोणी म्हणतं दर फक्त दरपत्रकात ठेवा, संकलनात परत लिहिला तर डुप्लिकेट होतंय. मला हे पटत नाही. दरपत्रकात "ह्या तारखेपासून लागू" असा कॉलम पाहिजेच, पण त्या सकाळी त्या दुधाला प्रत्यक्षात जो दर लावला तो त्या सकाळची घडलेली गोष्ट आहे, चिठ्ठीवर छापून सभासदाच्या हातात गेलेली. तो संकलनाच्या ओळीत असायलाच पाहिजे, नाहीतर उद्या कोणी दरपत्रकातला जुना आकडा दुरुस्त केला की मागच्या महिन्याची बिलं आपोआप बदलून बसतील. सभासदाचं नाव आजचं एकच असतंय, त्या दिवशीचा दर त्या दिवसाचाच असतो, हा फरक डोक्यात बसला की नॉर्मलायझेशनची भीती जाते.

डेटा टाइप पटकन उरकू. पैसे, लिटर, फॅट सगळं डेसिमलमध्ये, फ्लोटमध्ये कधीच नाही, कारण फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही आणि दहा दिवसांच्या बिलात पैशाचा फरक दिसला की माणूस संस्थेवर संशय घेतो. मोबाईल आणि पिनकोड टेक्स्ट, त्यांची बेरीज कधी करायची नसते. तारीख ही तारीखच, "०५/०६" असं टेक्स्ट ठेवलं तर जून की मे हे भांडण जन्माचं. मायएसक्यूएल (डेटाबेसचं एक सॉफ्टवेअर) वापरत असाल तर अक्षरं साठवायची पद्धत यूटीएफ-८-एमबी-४ आहे का बघून घ्या, जुन्या नुसत्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरी बसते पण इमोजी बसत नाहीत. आणि हो, "कोल्हापूर" हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, काना-मात्रा-हलंत धरून डेटाबेस त्याची नऊ कॅरॅक्टर मोजतो आणि बाइट होतात २७, म्हणून नावाच्या कॉलमला लांबी देताना हात आखडू नका.

फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडं बोट), नॉट नल (नल म्हणजे रिकामी जागा, ती चालणार नाही), चेक (आकड्यावरची अट) हे तिन्ही टाकायचेच. "आम्ही कोडमध्ये तपासतो" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, उद्या दुसरा कोणीतरी थेट एक्सेलमधनं डेटा ओतणार असतो. एसक्यूएलाइट ह्या छोट्या डेटाबेसवर काम असेल तर लक्षात असू दे, तिथं फॉरेन कीची तपासणी सहसा बंदच असते, प्रत्येक कनेक्शनला प्रॅग्मा (सेटिंगची आज्ञा) देऊन चालू करावी लागते.

पुढची तयारी बहुतेक जण करतच नाहीत: खोटा डेटा, पण खऱ्या मापाचा. वीस ओळींवर सगळंच फास्ट चालतं, त्यावर इंडेक्सची चर्चा करण्यात अर्थ नाही, आणि पोस्टग्रेस (हे पण डेटाबेसचं सॉफ्टवेअर) तर एवढ्या छोट्या टेबलावर इंडेक्स असून पण सहसा वापरत नाही, त्याला अख्खं टेबल वाचणंच स्वस्त पडतं. हिशोब करा, ४०० सभासद, दोन पाळ्या, ३६५ दिवस, म्हणजे वर्षाला २,९२,००० ओळी, पाच वर्षांच्या १४,६०,०००. एवढ्या ओळी छोट्या स्क्रिप्टनं भरा, मग पोस्टग्रेसमध्ये एकदा ॲनलाइझ चालवा म्हणजे त्याचे अंदाज ताजे होतील, आणि मगच वेगाबद्दल बोला.

मग क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न. एसक्यूएल (क्वेरीची भाषा) लिहायच्या आधी संस्थेत खरोखर विचारले जाणारे आठ-दहा प्रश्न मराठीत लिहून काढा. ह्या सभासदाचं दहा दिवसांचं बिल किती, आज सकाळी एकूण म्हशीचं दूध किती, कालपासून कोणी दूध घातलं नाही, दिवाळीच्या दर-फरकासाठी वर्षभरात कुणाचे किती लिटर झाले. ह्या यादीशिवाय इंडेक्स ठरतच नाही, आणि नवख्यांचे खड्डे पण ह्यातच आहेत. "कोणी घातलं नाही" ह्याला सभासदापासून लेफ्ट जॉइन (सगळे सभासद ठेवून संकलन जोडणं) लागतो, पण तारखेची अट व्हेअरमध्ये (जोडल्यानंतर गाळायच्या अटीत) टाकलीत तर न आलेले सभासद यादीतनंच गायब होतात, कारण त्यांच्या बाजूला तारीखच नल असते, ती अट ऑनमध्ये (जोडायच्या अटीत) पाहिजे. "यादीत नाही" ह्यासाठी नॉट इन वापरलंत आणि आतल्या यादीत एक जरी नल आला तर उत्तर रिकामं येतं, एररसुद्धा येत नाही, त्यामुळं नॉट एक्झिस्ट्सची सवय लावा. आणि सगळ्यात महागडा खड्डा बिलाचा: संकलन आणि कपात दोन्ही एकदम सभासदाला जॉइन करून बेरीज मारली, दहा दिवसांच्या २० ओळी, कपातीच्या ३, झाल्या ६० ओळी, दुधाची रक्कम तिप्पट आणि कपात वीसपट. डिस्टिंक्ट (सारख्या ओळी एकदाच धरणं) टाकून हे बरं होत नाही. आधी दोन्हीकडची बेरीज वेगवेगळी काढायची, मग सभासदाप्रमाणं जोडायची.

आता इंडेक्स. ही पाळी शेवटी का आणली त्याला कारण आहे. १९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा (डेटा टेबलांत मांडायच्या पद्धतीचा) पेपर लिहिला त्यातला मूळ आग्रहच हा होता की डेटा आतमध्ये कसा रचलाय हे वापरणाऱ्याला माहीत असायची गरज पडू नये. म्हणजे क्वेरी न बदलता इंडेक्स नंतर टाकता येतो, नको वाटला तर काढता येतो. टेबल चुकलं तर मात्र तसं नाही, मावशींची गोष्ट आठवा.

इंडेक्स म्हणजे एका ठरलेल्या क्रमानं लावून ठेवलेली वेगळी यादी. साध्या इंडेक्समागं बी-ट्री (क्रमानं लावलेली, फांद्या फुटत जाणारी रचना) असतं, बायर आणि मॅक्राइट यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेलं. एका पानात २०० नोंदी बसल्या तर तीन पायऱ्यांत ८० लाख नोंदींपर्यंत पोचता येतं, त्यामुळं आपल्या साडेचौदा लाखात एक ओळ शोधायला तीन-चार पानं उघडली की काम झालं. आता आपली प्रश्नांची यादी काढा. सभासदाचं दहा दिवसांचं बिल, म्हणजे सभासद आणि तारीख. नवा इंडेक्स टाकायला हात शिवशिवतो, पण थांबा, आपण सभासद-तारीख-पाळी-जनावर असा युनिक टाकलाय की नाही, त्याच्यामागं इंडेक्स आपोआप तयार झालेला असतो आणि त्याचे पहिले दोन कॉलम नेमके हेच आहेत. फुकट मिळालं. "आज सकाळचं एकूण" ह्याला मात्र तो फारसा उपयोगी पडत नाही, कारण ती यादी आधी सभासदानं लावलीय, एकच तारीख चारशे ठिकाणी विखुरलेली, तिथं तारखेपासून सुरू होणारा वेगळा इंडेक्स पाहिजे. कॉलमचा क्रम म्हणतात तो हाच. आणि दिवाळीच्या फरकाला जवळजवळ तीन लाख ओळी वाचायच्याच आहेत, वर्षातनं एकदा, दोन-चार सेकंद लागले तर लागू देत, त्यासाठी काही टाकू नका.

नुसत्या पाळीवर इंडेक्स नको, सकाळ-संध्याकाळ दोनच किमती, निम्मं टेबल वाचायचंच असतं. कॉलमला फंक्शन लावलंत, म्हणजे तारखेतनं महिना काढून तुलना केली, की साधा इंडेक्स कामाला येत नाही, त्यापेक्षा महिन्याची पहिली तारीख किंवा नंतरची आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आधीची असं लिहा. लाइकमध्ये (शब्दाचा तुकडा शोधताना) आडनावाच्या सुरुवातीलाच टक्का (%) लावून शोधलं तरी तेच. फॉरेन कीच्या कॉलमला मायएसक्यूएलचं इनोडीबी (टेबल साठवणारा भाग) स्वतःहून इंडेक्स बनवतं, पोस्टग्रेस बनवत नाही, इकडून तिकडं जाणारे इथं हमखास फसतात. प्रत्येक इंडेक्स प्रत्येक इन्सर्टला (नवी ओळ घालताना) थोडं थोडं काम वाढवतो, त्यामुळं "असू दे की एक" म्हणून टाकायचं नाही. टाकायच्या आधी एक्स्प्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी आज्ञा), टाकल्यावर परत एक्स्प्लेन, दोन्ही वहीत चिकटवा. फक्त एक्स्प्लेन ॲनलाइझ क्वेरी खरोखर चालवतं, डिलीटवर लावाल तर डिलीट होईल, एवढं सांभाळा.

राहिलेलं थोडक्यात. बिल तयार करणं आणि ॲडव्हान्सची बाकी कमी करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, मध्येच लाइट गेली तर दोन्ही व्हायला पाहिजे नाहीतर एक पण नको. युजरनं टाइप केलेलं नाव क्वेरीत चिकटवायचं नाही, पॅरामीटरनंच (क्वेरीपासून वेगळं) पाठवायचं. बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका, दुसऱ्या मशीनवर परत चढवून बघा, चढला तर तो बॅकअप.

आणि सुरू करायच्या आधी संस्थेत परत एक फेरी. एका जुन्या दहा दिवसांचं रजिस्टर मागून घ्या, त्यातल्या पन्नास सभासदांची बिलं तुमच्या क्वेरीनं काढा आणि सेक्रेटरींच्या शेजारी बसून एकेक आकडा लावा. पहिल्यांदा काहींना पाच-दहा पैशांचा फरक येईल. तो बहुतेक राउंडिंगचा असतो, त्यांच्याकडं रक्कम प्रत्येक चिठ्ठीला पूर्ण करतात की दहा दिवसांच्या बेरजेला, ते त्यांनाच विचारा आणि वहीत पहिल्या वाक्याच्या खाली लिहून ठेवा.