युद्धानंतरचे जर्मन व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करताना या चुका टाळा

१९४५ ते १९४८ या काळात जर्मनीत नवा रेडिओ सहजासहजी मिळत नव्हता. कच्चा माल नव्हता आणि तयार सेट परवान्याशिवाय विकता येत नव्हता. फ्युर्टमध्ये माक्स ग्रुंडिग यांनी १९४६ मध्ये ‘हाइन्त्सेलमान’ काढला तोही व्हॉल्व्हशिवाय, सुट्या भागांचा संच म्हणून, कारण संचाला परवान्याची अट लागू नव्हती. त्या काळात लहान दुकानांत आणि घरोघरी जुळवलेल्या सेटमध्ये लष्कराच्या शिल्लक साठ्यातला आरव्ही१२पी२००० हा व्हॉल्व्ह सर्रास दिसतो. एक डिटेक्टर व्हॉल्व्ह, एक आउटपुट व्हॉल्व्ह, एसीचं डीसी करणारा सेलेनियमचा रेक्टिफायर, एकच ट्यूनिंग सर्किट आणि रिॲक्शन (सिग्नलचा काही भाग परत ट्यूनिंगला देऊन जोर वाढवणं), एवढ्यावर मध्यम लहरी ऐकू येत. अशा सेटमध्ये जास्तीचा भागच नसतो. एक भाग बदलला की बाकीच्यांचं गणित हलतं, आणि दुरुस्ती बिघडते ती इथेच.

डिमरस्टॅट लावला म्हणून चासीला हात लावू नका

यातल्या बऱ्याच सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर नाही. मेन्सची एक तार सरळ चासीला, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याला, जाते. टू-पिन प्लग उलटा बसला की चासीवर फेज येतो. डिमरस्टॅट व्होल्टेज कमी करतो, पण सेट मेन्सपासून वेगळा करत नाही. त्यासाठी १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच हवा, १०० व्हीएचा पुरतो. त्या ट्रान्सफॉर्मरच्या पुढे ईएलसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) तुम्हाला वाचवणार नाही, म्हणून काम एका हाताने करा. नॉबचे उघडे स्क्रू मेणाने बुजवा.

एरियल आणि अर्थच्या सॉकेटमागचे जुने कागदी कंडेन्सर चांगले दिसले तरी ठेवू नका. तिथे वाय-क्लासचेच, म्हणजे मेन्ससाठीचे सुरक्षा कंडेन्सर लावा. १००० पिकोफॅरडमधून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला ०.०७ मिलिअँपिअर जातो. तोच कंडेन्सर शॉर्ट झाला तर एरियलच्या तारेवर पूर्ण मेन्स येतो.

फिलामेंटचा हिशेब २२० वर सोडू नका

आरव्ही१२पी२००० चा फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) १२.६ व्होल्ट, ७५ मिलिअँपिअरचा. दोन व्हॉल्व्ह सिरीजमध्ये म्हणजे २५.२ व्होल्ट. २२० व्होल्टला ड्रॉपर (जास्तीचे व्होल्ट पाडणारा रेझिस्टन्स) सुमारे २६०० ओहमचा लागतो, आजच्या २३० ला सुमारे २७३०. त्यात १५ वॉट उष्णता होते, म्हणून निदान ३० वॉटचा वायरवाउंड घ्या आणि पुठ्ठ्याच्या कॅबिनेटपासून लांब, हवेशीर बसवा.

साखळीत डिटेक्टरचा फिलामेंट चासीच्या टोकाला हवा. तो ड्रॉपरकडे गेला की फिलामेंट आणि कॅथोडमधला एसी फरक वाढतो आणि सेट गुणगुणतो. मग लोक फिल्टरमध्ये (डीसी सपाट करणाऱ्या कंडेन्सरांत) दोष शोधत बसतात. सेट चालू असताना व्हॉल्व्ह उपसू नका: साखळी तुटते आणि रिकाम्या सॉकेटच्या फिलामेंट पिनांवर पूर्ण मेन्स येतो.

कंडेन्सर: कुठला आधी, किती मोठा

सगळ्यात आधी डिटेक्टरच्या अ‍ॅनोडपासून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंतचा (ग्रिड म्हणजे करंट आवरणारी जाळी) कंडेन्सर बदला. तो बहुधा ०.०१ मायक्रोफॅरडचा असतो. त्याचं इन्सुलेशन १०० मेगओहमवर उतरलेलं असेल, अ‍ॅनोडवर १०० व्होल्ट असतील आणि ग्रिडलीक (ग्रिडपासून चासीपर्यंतचा रेझिस्टन्स) १ मेगओहमचा असेल, तर ग्रिडवर जवळजवळ १ व्होल्ट पॉझिटिव्ह येतो. आवाज फाटतो, आउटपुट व्हॉल्व्ह तापतो आणि थकतो. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर हा दोष दिसत नाही, कारण तिथे व्होल्टेज फारच कमी असतं. ग्रिडकडचं टोक सोडवा, सेट चालू करून त्या टोकापासून चासीपर्यंत व्होल्ट मोजा. स्थिर ०.२ च्या वर आकडा दिसला की ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर लावा.

फिल्टरमध्ये मात्र हात आखडता ठेवा. मूळ जागी ४ किंवा ८ मायक्रोफॅरड असतात. ‘मोठा तेवढा चांगला’ म्हणून १०० लावला तर प्रत्येक सायकलला रेक्टिफायरवर करंटचा जोरदार झटका बसतो. मूळ किमतीच्या जवळचाच घ्या, पण ४५० व्होल्टचा. २३० चं शिखर ३२५ व्होल्ट असतं, त्यापुढे ३५० ला काही शिल्लक उरत नाही.

सेलेनियमऐवजी नुसता डायोड

जळालेल्या सेलेनियमला कुजक्या लसणासारखा वास येतो. तो धूर विषारी आहे. बटण बंद करा, खिडक्या उघडा. त्याच्या जागी १एन४००७ चालतो, पण सेलेनियममध्ये बरेच व्होल्ट पडायचे आणि सिलिकॉनमध्ये एकच पडतो. सिरीजमध्ये ४७० ओहम, ३ वॉटपासून सुरुवात करा आणि हाय टेन्शन (व्हॉल्व्हचा डीसी पुरवठा) मूळ आकड्यावर येईपर्यंत रेझिस्टन्स बदलत न्या.

स्पीकर

जुना मॅग्नेटिक स्पीकर उंच इम्पिडन्सचा असतो आणि त्याच्या कॉइलमधून अ‍ॅनोडचा डीसी वाहतो. पोलॅरिटी उलटली तर चुंबक हळूहळू कमजोर होतो. ८ ओहमचा स्पीकर थेट जोडू नका, मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर हवाच. चालू सेटचा स्पीकर काढला की अ‍ॅनोडला पुरवठा राहत नाही, सगळा करंट स्क्रीन ग्रिडवर (आतल्या दुसऱ्या जाळीवर) जातो आणि ती लाल होते. काही सेकंदांत व्हॉल्व्ह जातो.

रिॲक्शन येत नाही म्हणून कॉइल उकलू नका

त्या काळचे कार्बन रेझिस्टन्स वर सरकतात. स्क्रीन ग्रिडचा १ मेगओहम वाढून २ झाला की स्क्रीन व्होल्टेज पडतं आणि रिॲक्शन मरते. ग्रिडलीक वाढला तर उलट फट्-फट् आवाज येतो. दोन्ही एका बाजूने सोडवून मोजा. कॉइल लिट्झ वायरची (अनेक बारीक इन्सुलेटेड तारांची) असेल तर टोकाला प्रत्येक बारीक तार कल्हई झालेली हवी. दोन-तीन तारा तुटल्या तरी स्टेशनं एकमेकांत मिसळतात.

सेट गप्पच असेल तर त्याच खोलीत ट्रान्झिस्टर लावून मध्यम लहरी ऐका. जर्मनीत डॉइचलांडफुंकचं मध्यम लहरी प्रक्षेपण २०१५ च्या अखेरीस बंद झालं. तिथे दिवसा बँड जवळजवळ रिकामा असतो आणि निर्दोष सेटही काही ऐकवत नाही. अशा वेळी सिग्नल जनरेटरवरून १००० किलोहर्ट्झ, ४०० हर्ट्झ मॉड्युलेशन, एरियल सॉकेटला लहान कंडेन्सरमधून द्या आणि नॉब फिरवून टोन शोधा.