कर्नल पॅनिक: पॉवरचं बटण दाबण्याआधी आणि नंतर

लिनक्सवर काम चालू असताना पडदा गोठला, माउस हलेना, लॅपटॉपवरचा कॅप्स लॉकचा दिवा आपोआप लुकलुकायला लागला किंवा काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग लागली, की समजावं, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कोसळलं. यालाच कर्नल पॅनिक म्हणतात. हात लगेच पॉवरच्या बटणाकडे जातो. जरा थांबा, कारण पडद्यावर आत्ता जे दिसतंय ते कुठेच साठवलं गेलेलं नसण्याची दाट शक्यता आहे.

आधी मोबाइलने फोटो काढा. तिरका नको, झगमगाट नको, प्रत्येक ओळ वाचता आली पाहिजे. कर्नलच्या ६.१० या २०२४ मधल्या आवृत्तीपासून ग्राफिकल पडद्यावरही पॅनिकचा संदेश दाखवायची सोय आली आणि ६.१२ पासून त्यात क्यूआर कोडची भर पडली. तुमच्या डिस्ट्रोने (उबुंटूसारख्या लिनक्सच्या तयार संचाने) ती चालू ठेवली असेल तर तो कोडही टिपून घ्या.

मग बघा, यंत्र खरंच मेलंय की नुसता पडदा अडकलाय. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन, करून पाहा. आत जाता आलं तर कर्नल जिवंत आहे. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेज कमांडचं सगळं आउटपुट फाइलमध्ये उतरवा आणि रीतसर रीस्टार्ट करा. जाता आलं नाही तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवून एस, यू, बी ही अक्षरं एकेक करून, मध्ये दोन-तीन सेकंद सोडत दाबा. एसने डेटा डिस्कवर उतरतो, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडी राहते, बीने यंत्र रीस्टार्ट होतं. उबुंटूत ही तिन्ही मुळातच चालू असतात. पूर्ण पॅनिकमध्ये बहुतेकदा यालाही दाद मिळत नाही. तेव्हा खुशाल बटण दाबा.

चालूच होत नसेल तर

अपडेटनंतर ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ असा संदेश येऊन यंत्र अडत असेल, तर घाबरू नका, डेटा बहुधा जागेवर आहे. चालू करताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे कोणतं कर्नल सुरू करायचं ते विचारणारा, मेनू आणा, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि आधीचं कर्नल निवडा. ते चाललं, की बूट विभाजन, म्हणजे डिस्कवरची कर्नल ठेवायची जागा, भरलंय का बघा. जुनी कर्नलं साठून ते तुडुंब भरतं आणि नव्या कर्नलला सुरू होताना लागणारी इनिटरॅमएफएस फाइल अर्धवट राहते किंवा बनतच नाही. जुनी कर्नलं ॲप्ट या उबुंटूच्या पॅकेज-साधनाच्या ऑटोरिमूव्हने काढा, ती फाइल पुन्हा तयार करा, ग्रब अपडेट करा. काम झालं.

नोंदी वाचायच्या कशा

यंत्र सुरू झालं, की टर्मिनलमध्ये जर्नलसीटीएल ही कमांड द्या. पुढे डॅश के, डॅश बी आणि उणे १. यातून मागच्या बूटमधल्या फक्त कर्नलच्या नोंदी दिसतात. काहीच आलं नाही तर नोंदी डिस्कवर साठतच नाहीयेत. व्हार-लॉग फोल्डरमध्ये ‘जर्नल’ नावाचं फोल्डर बनवून यंत्र रीस्टार्ट करा, म्हणजे पुढच्या वेळी सापडतील. कोसळतानाच्या शेवटच्या ओळी मात्र बऱ्याचदा डिस्कपर्यंत पोचतच नाहीत. फोटोचा आग्रह त्यासाठीच.

लोक शेवटची ओळ वाचतात. वाचायची असते ती पहिली, ‘बग’ किंवा ‘ऊप्स’ म्हणणारी. तिच्याखाली आरआयपी या तीन अक्षरांपुढे फंक्शनचं नाव असतं, आणि चौकटी कंसात मॉड्यूलचं, म्हणजे कर्नलला जोडलेल्या सुट्या भागाचं, नाव आलं असेल तर पहिला संशय त्या ड्रायव्हरवर घ्या. ‘कॉम’पुढे दिसणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र लगेच दोषी ठरवू नका, त्या क्षणी सीपीयूवर तो होता, एवढंच. आणि ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून एखादा प्रोग्रॅम मारला गेला असेल तर तो कर्नलचा क्रॅश नव्हेच, रॅम कमी पडली.

आता दोन-तीन क्रॅशच्या नोंदी शेजारी ठेवा. माझ्या मते सगळ्या तपासात हीच पायरी सर्वांत मोलाची, आणि हीच सगळे गाळतात. प्रत्येक वेळी तेच फंक्शन, तेच मॉड्यूल दिसत असेल तर दोष सॉफ्टवेअरचा धरा: जुन्या कर्नलवर जा किंवा तो ड्रायव्हर बदला. दर वेळी वेगळीच जागा, एकदा फाइल सिस्टम, एकदा नेटवर्क, तर यंत्र उघडायची तयारी ठेवा. ‘मशीन चेक’ किंवा ‘हार्डवेअर एरर’ असं लिहून आलं असेल तर शंकेला फारशी जागाच नाही.

डबा उघडताना

आधी बॅकअप. त्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका.

ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठच्या दमट हवेत रॅमचे संपर्क खराब होणं नवीन नाही. आपल्याकडचा प्रत्येक रिपेअरवाला रॅम काढतो, खोडरबर फिरवतो, परत बसवतो. पुष्कळदा यंत्र चालतंही. पण मग दोष रॅमचा होता, खाचेचा होता की कशाचाच नव्हता, हे कळत नाही. त्यामुळे आधी मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी एकेक रॅम काढून पुन्हा तपासा.

मेमटेस्ट स्वच्छ आला तरी विजेचा भाग राहतोच. वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्याचं यंत्र दुपारीच कोसळायचं आणि दर वेळी नोंद वेगळी. शेजारच्या गाळ्यातला कंप्रेसर सुरू झाला की हे बंद. एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा, उघडला तर दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग. नवा एसएमपीएस बसवला, प्रश्न मिटला. अशा ठिकाणी न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेजही इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

तरीही छडा लागला नाही तर

केडम्प बसवा. यात रॅमचा थोडा भाग राखून तिथे दुसरं कर्नल तयार ठेवलेलं असतं; पहिलं कोसळलं की ते उठतं आणि मेमरीची प्रत व्हार-क्रॅश फोल्डरमध्ये उतरवतं. उबुंटूत ‘लिनक्स-क्रॅशडम्प’ पॅकेज टाकून रीस्टार्ट केलं की झालं. प्रतीसोबत डीमेसेजची साधी मजकूर फाइलही मिळते. बहुतेकांचं काम तिच्यावरच भागतं. घरच्या यंत्राला हा खटाटोप जास्तच, पण ऑफिसच्या सर्व्हरवर तो असायलाच हवा.

फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या प्रणालीवर हेच काम सेव्हकोर नावाची कमांड करते आणि प्रत व्हार-क्रॅशमध्येच ठेवते. मॅकवर पॅनिकचा अहवाल लायब्ररीच्या लॉग्जमधल्या ‘डायग्नॉस्टिक रिपोर्ट्स’मध्ये सापडतो.

दोष कर्नलचाच निघाला तर उबुंटूवर ‘उबुंटू-बग लिनक्स’ ही कमांड देऊन कळवा. त्याआधी नोंदीत ‘टेंटेड’ शब्दापुढे पी किंवा ओ अक्षर आहे का बघा. पी म्हणजे बंदिस्त ड्रायव्हर, एनव्हिडियाचा वगैरे. ओ म्हणजे कर्नलबाहेरून आणलेलं मॉड्यूल. अशा अहवालाकडे कर्नलचे विकासक सहसा लक्ष देत नाहीत. ते मॉड्यूल काढून यंत्र चालवा, आणि तरीही कोसळलं तर ती नवी नोंद पाठवा.