खाऱ्या वाऱ्यात मल्टिटूल पारखताना

मल्टिटूल, म्हणजे पक्कड, चाकू, कात्री, स्क्रूड्रायव्हर असं सगळं एकाच मुठीत मिटणारं हत्यार, म्हटलं की लेदरमन नाहीतर व्हिक्टोरिनॉक्स, हीच दोन नावं पुढे येतात. दोन्ही उत्तम आहेत. पण मिठबावला आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. विहिरीच्या कठड्यावर, कलमांखाली, होडीत, कुठेही राहून जाईल अशा वस्तूत एवढे पैसे घालायला माझा जीव होत नाही. म्हणून मी कमी नावाजलेली हत्यारं मागवते. त्यातली बरीच चीनच्या यांगज्यांग शहराकडची असतात. चाकू-कात्र्या बनवण्यासाठी ते गाव ओळखलं जातं. आलेलं हत्यार महिनाभर राबवते आणि तारीख घालून वहीत लिहिते.

सुरुवातीला मी धारच बघायचे. आमचे काका होडीवर जातात, त्यांनी एकदा माझ्या हातातला चाकू उघडमिट करून बघितला आणि म्हणाले, "धार काय गो, दगडार घासल्यार येतली. पण सांदो गंजलो तर मगे काय करतलंस?" तेव्हापासून मी आधी सांधा बघते.

पहिला दिवस घरातच घालवा, म्हणजे वस्तू परत करायची मुदत हातात असते. पक्कड मिटून खिडकीकडे धरा. टोकं जुळत असतील आणि मागे, वायर धरायच्या भागाशी, बारीक फट दिसत असेल तर चालेल. टोकंच उघडी राहिली तर बारीक तार कधीच धरता येणार नाही. मग हात ओले करा, चांगले मासे धुतल्यासारखे, आणि एकेक पातं नखाने बाहेर काढा. एक काढताना शेजारची दोन बाहेर येत असतील तर कामाच्या वेळी बोट कापणार. लॉक बघताना पात्याची पाठ लाकडी पाटावर हळूहळू दाबा, आणि पातं मिटलं तर ज्या बाजूला येईल तिथे बोटं ठेवू नका. मला एक हत्यार इथेच नापास करावं लागलं.

लोहचुंबक लावून "हे स्टेनलेस नाही" असं ठरवू नका. धार धरणारं, कडक करता येणारं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच.

आता खरी परीक्षा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. लांब राहत असाल तर तेवढं मीठ घालून पाणी करा. हत्यार त्यात बुडवून सगळी पाती दहा वेळा उघडा-मिटा, नुसतं झटका आणि न पुसता रात्रभर पडवीत ठेवा. सकाळी पांढऱ्या कापडावर प्रत्येक सांधा हलवून बघा. पात्यावर चार ठिपके आले आणि राखेने घासून गेले तर मी माफ करते. सांध्यातून तांबडं पाणी आलं तर नाही. कारण असं, की स्टेनलेसमध्ये किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं आणि हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची अतिशय पातळ साय पृष्ठभागावर धरते. ती खरवडली तरी पुन्हा धरते. सांध्याच्या फटीत मात्र खारं पाणी कोंडतं, ऑक्सिजन पोचत नाही, साय भरून येत नाही, आणि गंज आतल्या आत खात जातो. बाहेरून हत्यार लखलखीत आणि आत सांध्याचा खिळा गंजून घट्ट बसलेला, असं होतं ते यामुळे.

वर्णनात स्टीलचं नाव दिलं असेल तर वाचा. 440सी मध्ये साधारण एक टक्का कार्बन असतो, त्यामुळे धार टिकते. 420 मध्ये कार्बन कमी, धार लवकर जाते, पण गंजाला ते सहसा बरं पडतं. आमच्यासारख्या घराला मी 420 च सुचवेन. स्टीलचं नावच लिहिलेलं नसेल तर मी मागवत नाही.

पुढचा महिना रोजची कामं. विहिरीच्या पंपाच्या पाइपवरची क्लिप आवळायला स्क्रूड्रायव्हर लावा. मे महिन्यात, खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या आणि टाकीत थेंब नाही, अशा वेळी माझ्या एका हत्याराचं टोक मुरडलं. त्या दिवशी कळशीने पाणी ओढलं. म्हणून ही परीक्षा गरज नसताना घ्यायची. पंपाचं कुठलंही काम मेन स्विच बंद करूनच. मल्टिटूलची मूठ धातूची असते, तिला शॉकपासून संरक्षण नसतं.

कात्रीसाठी तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, कापून बघा. भोथट कात्रीत तो दुमडतो आणि निसटतो. हापूस काढल्यावर देठ कापताना थोडा ठेवावा लागतो, नाहीतर चीक सालीवर ओघळून डाग पडतो. त्या कामाला चाकूपेक्षा कात्रीच हवी. रॉक्सन कंपनीचं केएस नावाचं चाकू-कात्री एकत्र असलेलं हत्यार मी यासाठीच वापरते. त्यात पक्कड नाही, पण कात्री खरी कात्रीसारखी हातात बसते. बऱ्याच मल्टिटूलमधली कात्री नखं कापण्यापुरती असते.

फणसाची परीक्षा मात्र चुकवू नका. चीक सांध्यात गेला की पातं बाहेर येत नाही. कापण्याआधी पात्याला आणि सांध्याला खोबरेल लावा, नंतर खोबरेलानेच चीक सोडवा, कोमट साबणाच्या पाण्याने धुवा आणि उन्हात उघडं ठेवा. खोबरेल सांध्यात तसंच राहू देऊ नका. 24 अंशांच्या खाली ते थिजतं, आणि आमच्याकडे पौषातल्या पहाटे पारा त्याखाली जातोच. धुतल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरे. जांभ्याची तांबडी धूळ तेलाला चिकटते, म्हणून जास्तीचं तेल पुसून घ्या.

नारळ सोलायला किंवा झावळ तोडायला यातलं काहीही वापरू नका. त्यासाठी कंबरेच्या आकडीत कोयता आहे.

यंत्रहोड्यांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. होड्या वर ओढलेल्या, काका मोकळे, दुरुस्तीची कामं पडलेली. पास झालेलं हत्यार मी त्या दोन महिन्यांत त्यांना देते आणि बंदी उठताना परत मागते. ते काही बोलत नाहीत. यंदा दिलेलं हत्यार मी मागायला गेले, तर त्यांनी ते सदऱ्याच्या खिशातच ठेवलं होतं आणि म्हणाले, "ऱ्हवंदे गो." वहीत त्याच्यापुढे मी बरोबरची खूण केली.