वियोगानंतरची श्रद्धा: शुक्रवार आणि रविवार यांच्या मधला दिवस

घरातील माणूस गेल्यावर, नोकरी सुटल्यावर किंवा चाळ पाडली जाऊन जुना शेजार विखुरल्यावर ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला सर्वांत आधी येतात ती स्पष्टीकरणे. सांत्वन मागाहून येते. माझे वडील वारले त्या रात्री लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत "देवाची इच्छा", "सुटले बिचारे", "रडू नका, पुनरुत्थान आहे" हे सारे तासाभरात बोलून झाले, आणि बोलणाऱ्यांच्या मनात माया असूनही त्या रात्री मला प्रार्थना करता आली नाही. वियोगातून श्रद्धा वाढते, हे मी आज मान्य करतो. परंतु येशूच्या मरणाच्या उत्तम शुक्रवारवरून थेट त्याच्या पुनरुत्थानाच्या रविवारवर उडी घेता येत नाही, मधला शनिवार काढावाच लागतो. तो कसा काढावा, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

पहिले म्हणजे गाऱ्हाणे दडपू नये. मेलेल्या लाजराला आपण जिवंत उठवणार आहोत हे ठाऊक असूनही त्याच्या कबरेपाशी येशू रडला, असे योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात आहे; तेव्हा अश्रू म्हणजे अविश्वास, हा समज तेथेच गळून पडतो. स्तोत्रसंहितेतील ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, आणि तरीही ते प्रार्थनेच्या त्या संग्रहात ठेवले गेले. बहुतेक विलापस्तोत्रांत देवाला हाक, गाऱ्हाणे, मागणे आणि भरवसा असे टप्पे दिसतात. सुरुवातीच्या दिवसांत पहिल्या दोनच टप्प्यांपर्यंत पोहोचता आले, तरी तेवढी प्रार्थना पुरेशी मानावी.

शब्दच सुचत नसतील, तर पवित्र शास्त्रातील विलापगीत या पुस्तकाची रीत उसनी घ्यावी. यरुशलेमच्या विध्वंसानंतरच्या या पुस्तकाचे पाच अध्याय आहेत. त्यांतील पहिले चार हिब्रू वर्णमालेतील २२ अक्षरांच्या क्रमाने रचलेले असून तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन अशी ६६ वचने आहेत. शोकाला ओळीत बसवणारी ही शिस्त मला फार शहाणपणाची वाटते, कारण शोक मोकाट सुटला की तो त्याच त्या विचाराभोवती फिरत राहतो, अक्षर मात्र त्याला पुढे ढकलते. मी करी रोडहून ठाण्याच्या धीम्या लोकलमध्ये बसून 'क'पासून सुरुवात केली. 'ख'ला खोकला आला: वडिलांचा रात्रीचा खोकला, ज्याने माझी झोप मोडायची आणि ज्याबद्दल मी एकदा त्यांच्यावर ओरडलो होतो. भांडुप येईपर्यंत मी त्याच अक्षरावर होतो. देवाकडे क्षमा कशाची मागायची आहे, हे मला त्या दिवशी कळले. आपणही वही घ्यावी, एका बैठकीला दोन-तीन अक्षरेच करावीत, आणि लिहिलेले सुंदर करण्याच्या फंदात पडू नये.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वडिलांच्या पवित्र शास्त्रात खुणेसाठी ठेवलेला त्यांचा रेल्वेचा जुना पास मला 'पहिला इतिहास' या पुस्तकातील वंशावळींत सापडला, आणि देवाने त्या पानावर माझ्यासाठी काही संदेश ठेवला असेल म्हणून मी ती नावांची जंत्री दोन वेळा वाचून काढली. संदेश काहीच नव्हता. बहुधा वडील तेथवर वाचून कंटाळले असावेत, ही जाणीव झाल्यावर मी कितीतरी दिवसांनी हसलो. प्रत्येक वस्तूत खूण शोधू नये. त्याने श्रद्धेची दमछाक होते.

खात्री लगेच आली नाही म्हणून खचूही नये. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु ख्रिस्ती धर्म सापडला तरी ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगले, अशी कबुली त्यांनीच दिली आहे. विशेष म्हणजे मुंबईत शारदा सदन त्यांनी १८८९ मध्ये, म्हणजे ही उमज येण्याआधीच, सुरू केले होते. तेव्हा मनाची पूर्ण तयारी होण्याची वाट न पाहता आठवड्यातून एखादे काम हाती घ्यावे: मंडळीतील आजाऱ्याला डबा पोहोचवणे, नुकत्याच विधवा झालेल्या बाईसोबत पेन्शनच्या रांगेत उभे राहणे. बोलणे कमी ठेवावे. पवित्र शास्त्रातील, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते.

मंडळीपासून तुटू नये, मात्र रीत आपापल्या परंपरेची धरावी. कॅथलिक कुटुंबांत मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनाविधी, अर्पण होते आणि २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावून प्रार्थना केली जाते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत सहसा मृतांसाठी मागणे न करता त्यांच्या आयुष्याबद्दल उपकारस्तुती करतात. उपासनेत गाता येत नसेल तर नुसते उभे राहावे, शेजारचा गातोच.

आठवडेच्या आठवडे झोप व अन्न तुटले असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर पाळकांइतकीच डॉक्टरांचीही गरज आहे. टेलिमानसची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन विनामूल्य आहे.

शेवटी, मुंबईकराला गेलेल्या माणसाचा निरोप दोनदा घ्यावा लागतो. जागेच्या टंचाईमुळे येथील अनेक ख्रिस्ती दफनभूमींत कबर कायमची मिळत नाही. ठरावीक मुदतीनंतर अस्थी काढून भिंतीतील कोनाड्यात ठेवतात आणि त्या जागी दुसरे दफन होते. मुदत कधी संपते ते दफनाच्या वेळीच विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवावे, पाळक किंवा धर्मगुरूंना आधी कळवावे आणि सोबत एखादे भावंड न्यावे. आम्ही गेलो तेव्हा अस्थी एका पांढऱ्या कापडात मावल्या. धाकट्या बहिणीने २३वे स्तोत्र वाचले, मधेच तिचा आवाज बसला, तेव्हा कबर खणणाऱ्या गड्याने फावडे बाजूला ठेवून पुढची ओळ तोंडपाठ म्हटली.