लिखाण अडलं की विषय बारीक करा

लिहायला बसलं आणि काही सुचेना, की बहुतेक वेळा दोष विषयाच्या आकाराचा असतो. ‘पावसाळी भाज्या’ म्हटलं की पहिलं वाक्यच फुटत नाही. तेच ‘अळूच्या फदफद्यात चिंच का घालतात’ असं धरलं, की खाजेचं कारण, ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक, देठ सोलताना हाताला लावायचं तेल असं भराभर सुचत जातं. म्हणून विषय एका प्रश्नात बसेपर्यंत कापत राहा.

मग मोबाईलवर 20 मिनिटांचा गजर लावून सलग लिहा. मागं जाऊन खोडायचं नाही. लिहिणं आणि तपासणं एकत्र केलं की तिसऱ्या ओळीवरच गाडी अडते. बोटं चालेनात तर जीबोर्डवर (गूगलच्या कीबोर्डवर) मराठी निवडून माइकचं बटण दाबा आणि बोला. विरामचिन्हं नीट येत नाहीत, जोडाक्षरंही चुकतात, तेव्हा मजकूर त्याच दिवशी दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी आपल्याच बोलण्याचा अर्थ लागत नाही.

उठताना पुढचं वाक्य अर्धं सोडा, उद्याची सुरुवात तिथूनच होते. आठवड्याला एक लेख पुरे. मात्र दोन तयार लेख कायम शिल्लक हवेत. आजारपण, लग्नसराई, परीक्षा यांत तेच कामी येतात.